प्रबंध पर्लकोटेपर्यंत कसा आला

माडिया गोंड आदिवासींवर लिहायला बसलेल्या कोणालाही आजही ग्रिगसनपासून सुरुवात करावी लागते. त्याचं ‘द मारिया गोंड्स ऑफ बस्तर’ 1938 साली निघालं. लेखक बस्तर संस्थानाचा कारभार पाहिलेला आयसीएस अधिकारी. त्याआधी 1916 मध्ये रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जातीजमातींचे चार खंड काढले होते, तेही सरकारी कामातूनच. इंद्रावतीच्या दोन्ही काठांवरच्या माणसांबद्दलचं सुरुवातीचं छापील ज्ञान असं गोळा झालं. विचारणारा साहेब, सांगणाऱ्याला नाही म्हणायची सोय नव्हती. मी गडचिरोलीच्या भामरागड भागातल्या मुलांना इतिहास शिकवते, आणि डॉक्टरेटचा इतिहास त्यांना याच प्रश्नातून सांगते: विचारणारा कोण होता आणि तो कुठून आला होता?

मुंबई विद्यापीठ 1857 चं, पण सुरुवातीला ते परीक्षा घेणारं विद्यापीठ होतं. संशोधन करून पदवी घ्यायची ही पद्धत मूळ जर्मनीची. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डनं ती 1917 मध्ये उचलली, आणि मुंबईतही ती उशिराच आली. इरावती कर्वे एम.ए. झाल्या मुंबईत, पण डॉक्टरेटसाठी बर्लिनला गेल्या. गोविंद सदाशिव घुर्ये केंब्रिजहून पीएच.डी. होऊन आले आणि 1924 मध्ये मुंबई विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागाचे प्रमुख झाले. या विभागानं एका पिढीला इथल्या इथे संशोधक व्हायला शिकवलं. एम. एन. श्रीनिवास यांनी 1944 मध्ये इथूनच पदवी घेतली.

याच काळातल्या दुर्गा भागवतांबद्दल मला थोडं जास्त बोलायचं आहे. पीएच.डी.साठी त्या मध्य प्रांतातल्या गोंडांच्या मुलखात फिरल्या. तिथे विषारी सुरण खाण्यात आला आणि पुढची कित्येक वर्षं आजारपणात गेली. पदवी राहून गेली. पुढे त्यांनी ‘लोकसाहित्याची रूपरेषा’ लिहिलं, आणि लोकसाहित्य शिकणारी किती मुलं त्या पुस्तकावर उभी राहिली! विद्यापीठाच्या दप्तरात मात्र तो प्रबंध अपुराच. पदवी आणि ज्ञान यांची गाठ नेहमी पडतेच असं नाही, हे मी मुलांना दुर्गाबाईंच्याच आयुष्यावरून समजावते.

आमच्या बाजूला पदवी आली ती नागपूरकडून. नागपूर विद्यापीठ 1923 चं. श्यामाचरण दुबे यांनी कमारांवरचा प्रबंध तिथेच केला. तेव्हाच्या चांदा (आताच्या चंद्रपूर) जिल्ह्यातलं आमचं जंगलही त्याच विद्यापीठाच्या हद्दीत. 1982 मध्ये गडचिरोली वेगळा जिल्हा झाला, पण विद्यापीठ नागपूरचंच राहिलं.

माझी नोंदणी त्या काळातली. विषय होता कूपकटाई, म्हणजे जंगलखात्यानं आखलेल्या तुकड्यांतली झाडतोड, आणि माडिया गावं. भामरागडहून आलापल्ली, तिथून पुढे गाड्या बदलत नागपूर, साधारण साडेतीनशे किलोमीटर. पावसाळ्यात पर्लकोटा नदीच्या पुलावर पाणी चढलं की गावाचा संपर्क तुटायचा, आणि संशोधनाचा विषय मंजूर करणाऱ्या समितीची, आरआरसीची, तारीख काही नदीला विचारून ठरत नसे. सिनॉप्सिस, सहामाही अहवाल, गाईडची सही, प्रत्येक कागदासाठी हाच रस्ता. ज्यांचं घर विद्यापीठाजवळ त्यांना पदवी लवकर मिळायची. त्यात बुद्धीचा भाग फार थोडा होता असं मी ठामपणे म्हणेन.

खरं शिक्षण मात्र गावात झालं. जंगलखात्याच्या कागदांत कूपाचा नंबर, घनफूट, मजुरीचा दर. एका म्हाताऱ्या गायतानं, गावच्या पुजाऱ्यानं, मला तेच कूप झाडाझाडानं दाखवलं: इथे मोहाची झाडं जंगलखात्याच्या नाकेदारानं तोडू दिली नाहीत, इथे पेनची, म्हणजे देवाची, जागा होती ती वाचवायला गाव आडवं आलं. माझं एक अख्खं प्रकरण त्याच्या बोलण्यावर उभं आहे. मुखपृष्ठावर माझं नाव, गाईडचं नाव, विद्यापीठाचं नाव. त्याचं नाव शेवटी परिशिष्टात, वय आणि गावासह एका ओळीत. नमुना तसाच होता.

27 सप्टेंबर 2011 ला गोंडवाना विद्यापीठ स्थापन झालं, चंद्रपूर आणि गडचिरोली या दोनच जिल्ह्यांसाठी, मुख्यालय गडचिरोलीत. अंतर निम्म्यावर आलं. त्याच सुमारास देशभराचे नियमही बदलत होते. यूजीसीच्या 2009 च्या नियमांनी प्रवेश परीक्षा आणि कोर्सवर्क आणलं, प्रबंधाची प्रत शोधगंगा या ऑनलाइन संग्रहात जाऊ लागली. 2022 च्या नियमांनी एम.फिल. बंद केलं. 2014-15 मध्ये देशात पीएच.डी.ला 1.17 लाख विद्यार्थी होते, 2021-22 मध्ये 2.12 लाख झाले. अनुसूचित जमातीच्या मुलांसाठीची राष्ट्रीय फेलोशिप नसती, तर आमच्याकडची मुलं या आकड्यांत आलीच नसती. घरचं कोसरीचं धान्य विकून कोणी पाच वर्षं प्रबंध लिहीत नाही.

आता माडिया घरातली मुलगी प्रबंधासाठी स्वतःच्या आजीला प्रश्न विचारते, माडियातून. ग्रिगसनला दुभाषा लागला असेल, तिला लागत नाही. आजी तिला उलट विचारते, रागावते, एखादी गोष्ट सांगायची नाही म्हणून गप्प बसते. ते गप्प बसणंही ती मुलगी नोंदवते, कारण तिला त्याचं कारण ठाऊक असतं.

वनहक्क कायद्यानंतर 2009 मध्ये धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, आणि तिथला अभ्यासगट त्याच्याही कितीतरी आधीपासून कोणत्याही पदवीशिवाय जंगलाचा अभ्यास करत होता. ज्या ग्रामसभेला आपल्या बांबूचा हिशेब करता येतो, तिला आपल्यावरचा प्रबंधही तपासता येईल. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या मुलांना माझी एक अट आहे: विद्यापीठात जमा करण्याआधी प्रत्येक प्रकरण गावात वाचून दाखवायचं आणि गावानं घेतलेल्या हरकती पानाखाली, हरकत घेणाऱ्याच्या संमतीनं, नावानिशी छापायच्या. नियम बाहेरचे परीक्षक मागतात. त्यांच्याबरोबर ग्रामसभेचा एक माणूस मौखिकीला बसावा, त्याला प्रश्न विचारायचा हक्क असावा आणि त्याच्या प्रवासाचा भत्ता विद्यापीठानं द्यावा, ही माझी मागणी आहे.