चोर गेला, गस्त राहिली

काविळीचे ‘ए’ आणि ‘बी’ हे दोन विषाणू हाती लागल्यावर, रक्त घेतलेल्या रोग्यांना पुढे होणाऱ्या यकृतदाहाचे कोडे सुटेल, अशी वैद्यकशास्त्राला आशा होती. परंतु १९७५ मध्ये अमेरिकेत बेथेस्डा येथे हार्वे ऑल्टर व त्यांच्या सहकाऱ्यांना असे अनेक रोगी आढळले, की ज्यांच्या रक्तात या दोहोंपैकी एकाचाही मागमूस नव्हता. घरात तिसराच चोर शिरला होता! नाव ठाऊक नसल्यामुळे त्याचे बारसे ‘ए-ही नव्हे, बी-ही नव्हे’ असेच झाले.

त्याचा माग लागायला १९८९ साल उजाडले. कॅलिफोर्नियातील कायरॉन कंपनीत मायकेल हाउटन, क्वी-लिम चू आणि जॉर्ज कुओ यांनी जनुकद्रव्याच्या एका तुकड्यावरून त्याला हुडकले. तोच ‘हेपटायटिस सी’. लवकरच चाचणी निघाली आणि रक्तपेढ्यांना दूषित रक्त बाजूस काढता येऊ लागले.

मात्र ती चाचणी शोधी ती विषाणूशी लढण्यासाठी शरीराने निर्माण केलेली प्रतिद्रव्ये. चोर पळाला तरी गावची गस्त उठू नये, तशी ही प्रतिद्रव्ये रोग गेल्यावरही वर्षानुवर्षे रक्तात राहतात. म्हणूनच पूर्ण बरा झालेला मनुष्यसुद्धा कागदावर ‘पॉझिटिव्ह’ हा शब्द वाचून उगाच हाय खातो.

चोर घरात आहे की नाही, हे सांगणारी चाचणी निराळी. कॅरी मलिस यांना १९८३ मध्ये सुचलेल्या पीसीआर पद्धतीने जनुकद्रव्याच्या असंख्य प्रती काढता येतात. तिच्या आधारे रक्तातील विषाणूंचे प्रमाण आकड्यांत मोजता येऊ लागले. हाच ‘व्हायरल लोड’; उपचारापूर्वी तो पुष्कळदा लाखांच्या घरात असतो.

पूर्वी इंटरफेरॉनची त्रासदायक इंजेक्शने कित्येकांना वर्षभर घ्यावी लागत, आणि तरीही यशाची खात्री नसे. २०१३ च्या अखेरीस सोफोसबुविर आले. पुढे बहुतेक रोगी काही आठवड्यांच्या गोळ्यांनीच बरे होऊ लागले. औषध चालू असतानाच विषाणू दिसेनासा होतो. पण औषधाच्या धाकाने तो दडून बसला नाही ना, हे पाहण्यासाठी औषध संपल्यावर १२ आठवडे थांबून रक्त पुन्हा तपासतात. तेव्हाही विषाणू आढळला नाही, तर रोगी बरा झाला असे मानतात. तोच रोग त्यानंतर उलटणे फारच विरळा.

दोन गोष्टी मात्र विसरू नयेत. ही गस्त नव्या चोराला अडवीत नाही; दूषित सुईने वा रक्ताने पुन्हा संसर्ग होऊ शकतो. आणि यकृताला सिरोसिस झालेला असेल, तर बरे झाल्यावरही कर्करोगासाठी नियमित तपासणी चालू ठेवावी लागते.

ऑल्टर, हाउटन आणि चार्ल्स राइस यांना २०२० चे नोबेल पारितोषिक मिळाले. ज्या विषाणूला एके काळी नावही नव्हते, तो आता रक्तात उरला नाही, असे आज रोग्याला खात्रीने सांगता येते.