गुरुजींनी बोट कधी सोडायचं?
(दुसरबीड येथील व्याख्यानाचे शब्दांकन)

आज शिक्षक आणि विद्यार्थी दोघेही समोर आहेत, म्हणून सरळ मुद्द्यावर येतो. आपल्याकडचा मुलगा दहावीला इंग्रजीत बरे गुण मिळवतो. पण गाईड मिटून एक साधा अर्ज लिहायला सांगा, तो अडतो. उद्या शिकायला किंवा कामाला बाहेरगावी गेला, तर तिथे त्याला ओळीओळीचा अर्थ कोण सांगणार? शिकवणारा जवळ नसताना भाषा शिकत राहणं, ही सवय लावता येते का?

याचं एक चांगलं उदाहरण म्हणजे विनोबा भावे. आपल्या विदर्भाला ते पवनारचे म्हणून माहीत आहेत. जन्म १८९५ चा, कोकणातल्या गागोद्याचा. शाळा मात्र बडोद्याला. शाळेत त्यांनी दुसरी भाषा म्हणून फ्रेंच घेतली होती, संस्कृत नव्हे. पुढे गीता आणि उपनिषदं मुळातून वाचायची ओढ लागली, तेव्हा संस्कृतची वाट त्यांना स्वतःच धरावी लागली. १९१६ साली ते घर सोडून काशीला गेले, तिथून गांधीजींच्या आश्रमात. १९१७ साली आश्रमातून रजा घेऊन ते वाईला आले आणि प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठे यांच्यापाशी उपनिषदं, ब्रह्मसूत्रं शिकले.

इथे जरा थांबू या. स्वतः शिकणारा माणूस गुरू नाकारत नाही, बरं का! आपलं नेमकं कुठे अडलंय हे त्याला कळतं आणि तेवढ्यासाठी तो योग्य माणसाकडे जातो. आपली मुलं 'काहीच कळत नाही' म्हणतात. 'तिसऱ्या ओळीतलं क्रियापद कळत नाही' असं ज्या दिवशी म्हणतील, त्या दिवशी अर्धं काम झालं.

वाईत विनोबा नुसते शिकले नाहीत. त्यांनी इतरांना गीता शिकवली, विद्यार्थी मंडळ काढलं. वाचनालयासाठी पैसे हवे होते, म्हणून पोरांनी जात्यावर लोकांचं धान्य दळून दिलं. पुस्तक हवं तर ते मिळवायचं कसं, हेही शिक्षणच होतं.

आता २५ वर्षं पुढे येऊ. १९४२ च्या आंदोलनात विनोबांना अटक झाली आणि त्यांना वेल्लोरच्या तुरुंगात ठेवलं. तमिळ मुलूख, भिंतींच्या आत बंद. तिथे त्यांनी तमिळ, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या चारही भाषांचा अभ्यास एकदम सुरू केला. आपल्याला वाटेल, एक शिकताना नाकी नऊ येतात, चार कशा? पण या भाषा बहिणी आहेत. 'तीन'ला कन्नडमध्ये मूरु, तेलुगूत मूडु, मल्याळममध्ये मून्नु. गावाला तमिळमध्ये ऊर, कन्नड-तेलुगूत ऊरु. बंगळूर, मंगळूर या नावांतही तोच ऊर बसलाय. शेजारी शेजारी ठेवलं की एक भाषा दुसरीचा हात धरून येते.

मराठी येणाऱ्या मुलाला हिंदी आणि संस्कृत शिकताना हाच फायदा असतो. पण वर्गात तिन्ही विषयांच्या वह्या वेगळ्या आणि तास वेगळे, म्हणून तो त्याला दिसत नाही.

मग शिक्षकांनी करायचं काय? पहिलं, शब्दाचा अर्थ लगेच सांगू नका; शब्दकोश हातात द्या आणि तो पाहायचा कसा ते एकदा नीट दाखवा. दुसरं, गोष्ट ओळखीची द्या. सिंदखेडराजा इथून जवळ. जिजाऊंची गोष्ट प्रत्येक पोराला पाठ आहे. तीच सोप्या इंग्रजीत दिली, तर अर्ध्या शब्दांचा अर्थ तो स्वतः लावतो. तिसरं, ज्याला कळलं त्याला दुसऱ्याला समजावू द्या. आणि चौथं सगळ्यांत अवघड: तो चुकत असताना थोडा वेळ गप्प बसा.

लेकरू चालायला लागतं तेव्हा आई एका क्षणी बोट सोडते. ते पडतं, रडतं, पुन्हा उठतं. म्हणून ती दुसऱ्या दिवशी त्याला कडेवर घेऊन बसत नाही. शेवटी चालायचं त्यालाच असतं.