कारखाना तेरा महिने बंद राहिला तेव्हा...

"डॉक्टर, लॉकडाऊनमध्ये याला एकदाही पंप लागला नाही. मग आताच दमा परत का आला? माझंच काही चुकतंय का?"

२०२१ च्या हिवाळ्यात एका आठ वर्षांच्या मुलाच्या आईने मला हा प्रश्न विचारला. दही बंद, केळी बंद, आइस्क्रीम तर कधीच बंद, असे सगळे उपाय तिने करून पाहिले होते. सासरकडच्यांनी "तुमच्याच घराण्यातला दमा" असेही ऐकवले होते.

लॉकडाऊनमध्ये हवा स्वच्छ झाली म्हणून मुलगा बरा होता, असे मी लगेच म्हणू शकलो नाही. कारण त्या काळात शाळा बंद होत्या, त्यामुळे मुलांमधली सर्दी-खोकल्याची देवाणघेवाण थांबली होती. तोंडावर मास्क होते. शिवाय कोविडच्या भीतीने लोक दवाखान्याची पायरी चढत नव्हते. इतक्या गोष्टी एकाच वेळी बदलल्यावर श्रेय नेमके कोणाला द्यायचे?

पण फक्त धूर थांबला आणि बाकी आयुष्य जवळपास तसेच चालू राहिले, असे पूर्वी कधी घडले आहे का? घडले आहे. आजची गोष्ट त्याचीच.

युटाची दरी

अमेरिकेच्या युटा राज्यात डोंगरांनी वेढलेली युटा व्हॅली नावाची दरी आहे. तिथे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जिनिव्हा हा पोलादाचा मोठा कारखाना उभारला गेला. हजारो घरांची चूल त्यावर पेटत होती, आणि दरीतल्या हवेत सूक्ष्म कण सोडणारा सर्वांत मोठा स्रोतही तोच होता.

हिवाळ्यात अशा दरीत एक गंमत होते. थंड, जड हवा तळाशी बसते आणि तिच्यावर उबदार हवेचा थर येतो. पातेल्यावर झाकण ठेवावे तसा. मग खालचा धूर वर जाऊ शकत नाही, तो दिवसेंदिवस तिथेच साचत राहतो.

ऑगस्ट १९८६ मध्ये कामगार आणि व्यवस्थापन यांच्यातल्या वादामुळे हा कारखाना बंद पडला. सप्टेंबर १९८७ मध्ये नव्या मालकांनी तो पुन्हा सुरू केला. म्हणजे एक हिवाळा चालू, पुढचा बंद, त्यानंतरचा पुन्हा चालू. कोणी ठरवून केला नसता असा प्रयोग आपोआप घडला.

तो ओळखला आर्डन पोप यांनी. ते डॉक्टर नव्हते, जवळच्या विद्यापीठातले अर्थशास्त्रज्ञ होते. त्यांनी दरीतल्या रुग्णालयांमधील भरतीचे आकडे आणि हवेतील 'पीएम १०' चे आकडे शेजारी शेजारी मांडले. पीएम १० म्हणजे १० मायक्रॉन किंवा त्याहून लहान कण. आपला केस याच्या कितीतरी पट जाड असतो.

१९८९ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे होते: कारखाना चालू असलेल्या हिवाळ्यांत हवेतील कण बंद हिवाळ्याच्या जवळजवळ दुप्पट होते. आणि न्यूमोनिया, ब्राँकायटिस, दमा अशा छातीच्या आजारांसाठी रुग्णालयात भरती झालेली मुले दोन ते तीन पट होती.

"त्या वर्षी वारा जास्त सुटला असेल," अशी शंका येईल. उलट, कारखाना बंद होता त्या हिवाळ्यात हवा अधिक कोंडलेली होती. सिगारेटचे म्हणाल, तर या दरीत धूम्रपानाचे प्रमाण फारच कमी होते.

जपून ठेवलेले कागद

केवळ आकड्यांवर सर्वांचा विश्वास बसत नाही, आणि ते योग्यच आहे. पण हवा मोजण्यासाठी वापरलेले त्या काळातले गाळणी कागद जपून ठेवलेले होते. पुढे संशोधकांनी त्यांवरच्या धुळीचा अर्क काढला आणि निरोगी स्वयंसेवकांच्या फुफ्फुसात दुर्बिणीवाटे अगदी थोडा सोडला. कारखाना चालू असतानाच्या धुळीने फुफ्फुसाला सूज आणली. बंद असतानाच्या धुळीने तितकी आणली नाही. चालू काळातल्या धुळीत धातूंचे प्रमाण जास्त होते. हे काम २००१ मध्ये प्रसिद्ध झाले.

अटलांटाने शिकवलेला सावधपणा

१९९६ च्या ऑलिम्पिकमध्ये अटलांटा शहराने गाड्या कमी करून बस-रेल्वे वाढवल्या. ओझोनची पातळी सुमारे २८ टक्क्यांनी घटली आणि मुलांच्या दम्याच्या तातडीच्या भेटीही कमी झाल्याचे २००१ मध्ये जाहीर झाले. खूप कौतुक झाले. पण नंतरच्या फेरतपासणीत दिसले की त्या दिवसांत आसपासच्या इतर शहरांतही ओझोन घटला होता. म्हणजे हवामानाचाही हात होता. ऋतूचा हिशेब धरल्यावर दम्यातली घटही स्पष्ट राहिली नाही. म्हणूनच मी त्या आईला घाईने उत्तर दिले नाही.

बीजिंगचे दोन महिने

२००८ च्या ऑलिम्पिकसाठी बीजिंगने सम-विषम क्रमांकाच्या गाड्या आलटून पालटून चालवल्या, कारखाने आणि बांधकामे थांबवली. संशोधकांनी १२५ निरोगी तरुणांचे रक्त खेळांच्या आधी, दरम्यान आणि नंतर तपासले. पीएम २.५, म्हणजे आणखी बारीक कण, सुमारे २७ टक्क्यांनी कमी झाले. त्याबरोबर रक्त गोठण्याशी संबंधित काही घटकही घटले. निर्बंध उठल्यावर त्यांतले काही पुन्हा वाढले. म्हणजे धुराचा परिणाम छातीपुरता नाही, हृदयापर्यंत पोहोचतो, आणि तोही काही आठवड्यांत.

आणखी एक गोष्ट मला विशेष वाटते. ज्या बाळांचा पोटातला आठवा महिना या खेळांच्या काळात आला, त्यांचे जन्मवजन आधीच्या आणि नंतरच्या वर्षी त्याच दिवसांतल्या बाळांपेक्षा सरासरी २३ ग्रॅमने जास्त होते. एका बाळासाठी ही वाढ किरकोळ आहे, पण ती अख्ख्या शहराची सरासरी आहे.

आणि आपला लॉकडाऊन

२५ मार्च २०२० पासून देश थांबला. जालंधरच्या गच्चीवरून धौलाधारच्या बर्फाच्छादित रांगा दिसू लागल्याचे फोटो तुम्ही पाहिले असतील. वाहनांतून येणारा नायट्रोजन डायऑक्साइड मोठ्या शहरांत झपाट्याने घटला, कणही घटले. पण ओझोन अनेक ठिकाणी घटला नाही, काही ठिकाणी वाढला. कारण गाड्यांच्या धुरातला नायट्रिक ऑक्साइड एरवी ओझोन संपवतो. आणि या स्वच्छ हवेची किंमत लोकांनी रोजगार गमावून, पायी गाव गाठून मोजली. असा उपाय कोणी सुचवू नये.

युटातही कारखाना बंद असताना कामगारांच्या घरी पगार नव्हता. तेव्हा धडा "माणसे थांबवा" हा नाही. धूर कोणत्या धुराड्यातून येतो ते शोधा आणि तो तिथेच अडवा, हा आहे.

आपल्या हातात काय?

- आकाश स्वच्छ दिसते म्हणून दम्याचा रोजचा पंप स्वतःहून बंद करू नका.
- हिवाळ्यात पहाटे धुराचा थर जमिनीलगत असतो. दमा किंवा हृदयविकार असेल तर फिरायला ऊन वर आल्यावर जा.
- केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 'समीर' ॲपवर हवेचा निर्देशांक पाहता येतो. तो वाईट असेल तर बाहेर जाताना नीट बसणारा एन ९५ मास्क वापरा.
- कचरा जाळू नका, शेजारी जळत असेल तर बोला. घरात डासांची कॉइल टाळा.

त्या आईला मी शेवटी एवढेच सांगितले, "दम्याची प्रवृत्ती त्याच्यात आहे, पण झटका यायला कारण लागते. हवा हे त्यातले एक मोठे कारण आहे. ते तुमच्या स्वयंपाकघरात तयार होत नाही." मग पंप घेण्याची पद्धत पुन्हा दाखवली. तो चुकीचा घेत होता. दही मात्र मी त्याला परत सुरू केले.