पक्ष बदला, पण आधी राजीनामा द्या!

१९४८ साली आचार्य नरेंद्र देव आणि त्यांच्या समाजवादी सहकाऱ्यांनी काँग्रेस सोडली, तेव्हा संयुक्त प्रांताच्या विधानसभेतील आमदारकीही सोडली. पोटनिवडणुकीत नरेंद्र देव हरले, पण निर्णय मतदारांनी दिला.

१९६७ साली हरियाणात आमदार गयालाल यांनी पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलला. तिथून 'आयाराम-गयाराम' रूढ झाले. १९८५ साली पक्षांतरबंदी कायदा आला. २००३ साली त्यातील एक-तृतीयांश फुटीची सवलत गेली. दोन-तृतीयांशांच्या विलीनीकरणाची राहिली. म्हणजे एकटा गेला तर अपात्र, टोळीने गेले तर सुरक्षित! मतदाराला विचारतो कोण?

बाबासाहेबांनी प्रत्येक मताला समान मूल्य मिळवून दिले. ते परस्पर दुसऱ्या पक्षाच्या पदरात टाकण्याचा अधिकार आमदाराला नाही. तत्त्वासाठी पक्ष जरूर सोडा. पण पुन्हा मतदारांसमोर या.

जय भीम!