चोपचिनीचा तंजावूरपर्यंतचा प्रवास

तंजावुरातल्या ‘नाट्टु मरुंदु’च्या, म्हणजे देशी औषधांच्या दुकानात परंगीपट्टै मागितलं की गाठाळ, लाकडासारख्या टणक मुळाचे तांबूस काप पुडीत बांधून मिळतात. सिद्ध वैद्य त्याचं चूर्ण आजही कातडीच्या विकारांवर देतात. पुण्यामुंबईचा काष्ठौषधीवाला याच मुळाला चोपचिनी म्हणतो. तमिळ नावात फिरंगी बसला आहे, मराठी नावात चीन. हे मूळ एवढं नावारूपाला आलं ते अशा रोगामुळे, ज्याबद्दल पुरुष आजही वैद्यासमोर तोंड उघडत नाहीत.

गुप्तांगावरचे व्रण आपल्या वैद्यांना नवे नव्हते. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात उपदंशाचे पाच प्रकार दिले आहेत : वाताचा, पित्ताचा, कफाचा, तिन्ही दोषांचा आणि रक्ताचा. शिश्नाची पुढची कातडी मागे सरत नसेल तर तो निरुद्धप्रकश, मागे जाऊन तिथेच अडकली तर परिवर्तिका, फाटली तर अवपाटिका. निरुद्धप्रकशावरचा उपाय वाचताना मी थबकलो. लोखंडाची, लाकडाची किंवा लाखेची, दोन्ही तोंडं उघडी असलेली नळी तुपाने माखून आत बसवायची आणि दर तीन दिवसांनी आधीपेक्षा थोडी जाड नळी घालायची. इंद्रिय वाढावं म्हणून विषारी किड्यांचे लेप लावून घेणारे तेव्हाही होते. त्यांना होणाऱ्या अठरा विकारांना ‘शूकदोष’ असं नाव देऊन सुश्रुताने त्यांचा वेगळा विचार केला. लाज बाजूला ठेवून या माणसांनी नीट पाहिलं आणि जे पाहिलं ते लिहून ठेवलं, याचं मला फार मोल वाटतं.

पण सोळाव्या शतकात जो रोग आला तो या जुन्या चौकटीत मावेना. 1495 च्या सुमारास नेपल्सवर चालून गेलेल्या फ्रेंच सैन्यात तो भडकला होता. त्यानंतर तीनच वर्षांनी वास्को द गामा कालिकतला उतरला. भावमिश्राने ‘भावप्रकाश’ या आपल्या ग्रंथात या रोगाला ‘फिरंग’ हे नाव दिलं. फिरंग देशात तो फार आढळतो आणि अंगसंगाने लागतो, हे त्याने स्वच्छ सांगितलं. बाहेरचा, आतला आणि दोन्हीकडचा असे त्याने तीन प्रकार केले. नाक बसणं, हाडं सुकणं आणि वाकणं, शक्ती जाणं, भूक मंदावणं हे पुढचे परिणामही मांडले. आज सिफिलिसची लक्षणं वाचणाऱ्याला यातलं बरंच ओळखीचं वाटेल.

भावमिश्राने दिलेल्या उपायांत दोन ठळक आहेत. पहिला रसकापूर, म्हणजे पाऱ्याचा क्षार. गव्हाच्या कणकेच्या गोळीत तो भरायचा, वरून लवंगेची पूड लावायची आणि दाताला स्पर्श होणार नाही अशा बेताने गोळी गिळायची. पाऱ्याने तोंड येतं, म्हणून ही खबरदारी. दुसरा उपाय चोपचिनीचा : चूर्ण मधातून घ्यायचं, मीठ सोडायचं, अगदीच राहवलं नाही तर सैंधव चालेल. पाऱ्याने हैराण झालेल्या रोग्याला हे मूळ किती सुसह्य वाटलं असेल, याची कल्पना करता येते.

हे मूळ समुद्रमार्गे आलं. गार्सिया द ऑर्ता हा पोर्तुगीज वैद्य 1534 मध्ये गोव्यात उतरला. त्याचा औषधींवरचा संवादग्रंथ 1563 मध्ये गोव्यातच छापला गेला. त्यात चीनच्या मुळावर स्वतंत्र संवाद आहे आणि ते इकडे 1535 च्या सुमारास माहीत झालं असं तो सांगतो. काही वर्षांतच त्याची कीर्ती युरोपात पोचली. सम्राट पाचव्या चार्ल्सने ते संधिवातावर घेतलं आणि शरीररचनेचा पंडित व्हेसेलियस याने 1546 मध्ये त्यावर एक लांबलचक पत्र प्रसिद्ध केलं. ऑर्ताचं अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारी येणंजाणं होतं. पुढे त्याच निजामशाहीत मालोजी भोसल्यांनी चाकरी केली आणि मालोजींचे नातू व्यंकोजी 1670 च्या दशकात तंजावूरच्या गादीवर बसले.

तंजावूरला फिरंगी लांबचे नव्हते. तरंगंबाडीला 1620 पासून डॅनिश होते. नागपट्टणमला आधी पोर्तुगीज आणि 1658 नंतर डच. या बंदरांतून माल आला, पुस्तकं आली, पाद्री आले, आणि खलाशांबरोबर रोगही. तरंगंबाडीला आलेल्या श्वार्ट्झ या पाद्र्याच्या हाताखाली शिकलेले सरफोजी दुसरे 1798 मध्ये गादीवर आले. पुढच्याच वर्षी राज्यकारभार इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. राजांकडे उरला तो किल्ला आणि राजवाडा. त्या राजवाड्यात त्यांनी सरस्वती महालाचा ग्रंथसंग्रह वाढवला आणि धन्वंतरी महाल उभा केला. तिथे देशी वैद्य आणि इंग्रजी वैद्यक यांची गाठ पडली. अनुभवाला उतरलेले उपाय तमिळ पद्यांत बांधले गेले. ‘शरभेंद्र वैद्य मुरैगळ’ या नावाने ते ओळखले जातात.

धन्वंतरी महालाची मला सर्वांत थोर वाटणारी गोष्ट म्हणजे डोळ्यांच्या रोग्यांचे कागद. रोगी कोण, तक्रार काय, उपचार कोणता, गुण आला का, हे चित्रांसकट नोंदलेलं आहे. मोतीबिंदू काढला की रोग्याला दिसू लागतं. निकाल लगेच कळतो. फिरंगाचा निकाल असा लगेच कळत नाही, आणि चोपचिनीचं सगळं यश त्यातच दडलं आहे.

सिफिलिसचा पहिला व्रण संबंधानंतर साधारण तीन आठवड्यांनी उठतो. तो सहसा दुखत नाही. काहीही केलं नाही तरी तीन ते सहा आठवड्यांत तो भरून येतो. मग कधी तळहात-तळपायांवर पुरळ येतं, तेही जातं. त्यानंतर वर्षानुवर्षं सारं शांत, आणि पुढे काहींच्या हृदयावर, मेंदूवर, हाडांवर घाला. ज्याने महिनाभर पथ्य पाळून काढा घेतला त्याचा व्रण त्याच महिन्यात गेला. मुळाला श्रेय देण्यात वैद्याची लबाडी नव्हती, रोग्याचा भाबडेपणाही नव्हता. दहा-वीस वर्षं त्याच माणसाचा कागद पुढे चालवल्याशिवाय ही चूक कोणाला दिसणारच नव्हती.

रोगजंतू 1905 मध्ये शाउडिन आणि हॉफमन यांना जर्मनीत दिसला. त्याच वर्षी मद्रासच्या जनरल हॉस्पिटलात चार्ल्स डोनोव्हन यांनी गुप्तांगाच्या आणखी एका व्रणातले जंतू पाहिले; त्या रोगाला आज डोनोव्हॅनोसिस म्हणतात. 1906 मध्ये वासरमनची रक्ततपासणी आली, आणि व्रण भरल्यावरही रोग आत आहे का हे विचारता येऊ लागलं. 1943 मध्ये पेनिसिलिन या रोगावर लागू पडतं हे दिसलं. सुरुवातीच्या सिफिलिसवर बेंझाथिन पेनिसिलिनचं 24 लाख युनिटांचं एकच इंजेक्शन पुरतं. ज्या रोगाने माणसांची नाकं बसवली, त्यावर एका बैठकीचा उपाय!

आता सरकारी रुग्णालयांतल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये लक्षणांवरून रंगीत खोक्यांतली औषधं मोफत देण्याची पद्धत आहे. लघवीच्या वाटेने पू आणि जळजळ, ज्याला आपल्याकडे परमा म्हणतात, त्याला करड्या रंगाचं खोकं. व्रणाला पांढरं; पेनिसिलिन सोसत नसेल तर निळं. दुखऱ्या पाणीदार फोडांच्या पुंजक्याला, म्हणजे नागिणीच्या जातीच्या हर्पिसला, लाल.

प्रत्येक खाज संबंधातून येते असंही नाही. शिश्नाच्या पुढच्या कातडीखाली लाली, खाज आणि पांढरट थर असेल तर बहुधा ती बुरशी असते, आणि ती पुन्हापुन्हा होत असेल तर रक्तातली साखर आधी तपासावी. पाण्याने हलक्या हाताने धुऊन कोरडं ठेवावं. साबण चोळल्याने आग वाढते. कातडी मागे जाऊन अडकली, सुश्रुताची परिवर्तिका झाली, तर मात्र सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावं. वृषण अचानक दुखू लागलं तरी तेच. ते पिळलं गेलं असेल तर हाती काही तासच असतात.

व्रण कोणताही असो, एचआयव्हीला शरीरात शिरायला त्याने वाट मिळते, म्हणून तीही तपासणी सोबत करतात. भारतातले पहिले एचआयव्हीबाधित 1986 मध्ये मद्रासला सापडले. तो शोध घेणाऱ्या डॉ. सुनीती सोलोमन माहेरच्या गायतोंडे, मद्रासच्या मराठी कुटुंबातल्या.

जोडीदाराने औषध घेतलं नाही तर आपण घेतलेलं वाया जाण्याची भीती असते, म्हणून दोघांनीही ते घ्यायचं. सिफिलिसचं इंजेक्शन झालं, व्रण भरला, तरी सहा महिन्यांनी आणि वर्षाने रक्त पुन्हा तपासायचं आणि दोन्ही वेळचे आकडे एकाच कागदावर शेजारीशेजारी मांडून पाहायचे.