दोन रोटरांमधली फट : स्क्रू कॉम्प्रेसरचा इतिहास

१/ नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींत दाबाखालची हवा विजेइतकीच गृहीत धरलेली असते. स्प्रे गन, हवेवर चालणारे पाने, सीएनसी यंत्रांची चक, सारे तिच्यावर चालते. अनेक कारखान्यांत ही हवा स्क्रू कॉम्प्रेसर पुरवतो. त्याची कल्पना १८७८ सालची. तो सर्रास उपयोगात यायला मात्र पाऊणशे वर्षे लागली. या विलंबाचे कारण रोटरच्या आकारात आहे. त्याविषयी हा धागा.

२/ एका कवचात दोन पिळदार रोटर एकमेकांत गुंतून उलट दिशांनी फिरतात. एकाला फुगीर पाकळ्या, दुसऱ्याला खोलगट खाचा. चार पाकळ्या आणि सहा खाचा ही जुनी, रूढ जोडी. खाचेत शिरलेल्या हवेची जागा फिरता फिरता आक्रसत जाते आणि दुसऱ्या टोकाला ती दाबाने बाहेर पडते. मागेपुढे होणारा पिस्टन येथे नाही.

३/ हॅनोव्हरच्या हाइनरिख क्रिगार यांनी १८७८ मध्ये अशा यंत्राचे जर्मन पेटंट घेतले. परंतु पिळदार पृष्ठभाग अचूक कापण्याचे तंत्र त्या काळी नव्हते. फट मोठी राहिली की दाबलेली हवा मागे निसटते. कल्पना कागदावरच राहिली.

४/ १९३० च्या दशकात स्वीडनचे अभियंते आल्फ लिशोल्म यांनी ती पुन्हा हाती घेतली. त्यांना गॅस टर्बाइनसाठी कॉम्प्रेसर हवा होता. पात्यांच्या कॉम्प्रेसरमध्ये प्रवाह अचानक उलटण्याचा दोष होता. पुढे विमानांत पात्यांचाच कॉम्प्रेसर टिकला. नाशिकजवळच्या ओझरला बांधल्या गेलेल्या मिग-२१ च्या इंजिनातही तोच आहे. आकाशासाठी योजलेला स्क्रू कॉम्प्रेसर जमिनीवरच्या कारखान्यांत स्थिरावला.

५/ लिशोल्म यांची कंपनी पुढे स्वेन्स्का रोटोर मास्किनेर, अर्थात एसआरएम, या नावाने ओळखली गेली. ती इतर उत्पादकांना परवाने देई. आरंभीचे आकार वर्तुळाच्या कमानींचे, दोन्ही बाजूंनी सारखे होते. कापायला सोपे, पण रोटरांची टोके आणि कवचाची धार जिथे भेटतात तिथे एक त्रिकोणी छिद्र उरे. त्याला ‘ब्लोहोल’ म्हणतात. हवा तिथून मागच्या खाचेत पळे.

६/ १९५० च्या दशकात रोटरांमध्ये तेल सोडण्याची युक्ती रुळली. तेल फट बुजवते, उष्णता वाहून नेते आणि वंगण पुरवते. त्यामुळे एक रोटर दुसऱ्याला थेट फिरवू शकला. दोघांना अलग राखणाऱ्या दातेरी चाकांची गरज उरली नाही.

७/ १९६० च्या दशकात एसआरएमने असममित आकार आणला. पाकळीच्या दोन बाजू वेगळ्या केल्याने ब्लोहोल लहान झाले. मात्र ते लहान करू गेल्यास रोटरांमधली स्पर्शरेषा लांबते आणि गळतीला दुसरी वाट मिळते. रोटरची रचना म्हणजे या दोहोंमधली तडजोड.

८/ १९९० च्या दशकात लंडनच्या सिटी विद्यापीठात निकोला स्तोशिच यांनी ‘एन’ प्रोफाइल मांडली. एका काल्पनिक सरळ दंतपट्टीचा आकार ठरवायचा आणि त्याच पट्टीवरून दोन्ही रोटर गणिताने काढायचे, ही तिची रीत. संगणकामुळे असंख्य आकार तपासता आले. अचूक ग्राइंडिंगमुळे ते काही मायक्रॉनच्या मर्यादेत घडवता आले.

९/ महाराष्ट्रात कॉम्प्रेसर उद्योग जुना आहे. किर्लोस्कर न्यूमॅटिकची स्थापना पुण्यात १९५८ ची, ॲटलस कॉप्कोची भारतीय कंपनी १९६० ची. तमिळनाडूत कोइंबतूरच्या एल्जीने तर स्वतःची रोटर प्रोफाइल विकसित केली. याचे मोल मोठे आहे. धातू कापण्याचे कसब विकत घेतलेल्या आराखड्यावरही चालते. आकार ज्याचा, सुधारणेचा अधिकारही त्याचाच.

१०/ लहान कारखानदाराचा यात काय संबंध? कॉम्प्रेसरच्या आयुष्यभराच्या खर्चात खरेदीपेक्षा विजेचा वाटा कितीतरी मोठा असतो. रोटरांमधून निसटलेली हवा दरमहा वीजबिलात उमटते.

११/ हेच यंत्र उलटे चालवले की ‘एक्स्पांडर’ होते: दाबाखालची वाफ रोटर फिरवते आणि वीज मिळते. पाण्याच्या थेंबांनी टर्बाइनची पाती झिजतात. स्क्रू रोटर ओली वाफही सोसतात. दाब कमी करणाऱ्या झडपेत वाया जाणारी शक्ती त्यामुळे परत मिळवता येते. तिथेही किती वीज हाती लागेल, हे बव्हंशी त्याच फटीवर ठरते.