एक जाते, तीन कविता : शालेय काव्यवेच्यांतील 'प्राचीन' आणि 'अर्वाचीन'

परशुरामतात्या गोडबोले यांचे 'नवनीत' १८५४ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा 'प्राचीन मराठी कविता' असा वेगळा वर्ग करण्याची कोणाला गरज नव्हती. केशवसुतांचा जन्मच १८६६चा. ज्ञानेश्वरांपासून मोरोपंतांपर्यंत जे काव्य उपलब्ध होते तीच कविता होती आणि विद्यार्थ्यांसाठी तिचे वेचे कवीच्या नावाखाली लावणे हीच स्वाभाविक रीत होती. पुढे सात वर्षांनी इंग्लंडमध्ये निघालेल्या पालग्रेव्हच्या 'गोल्डन ट्रेझरी'ची रचना निराळी होती. तिचे चार भाग कालखंडानुसार पाडलेले असले तरी प्रत्येक भागात कविता भावनेच्या वा विषयाच्या ओघाने ठेवलेल्या होत्या. त्यामुळे निरनिराळ्या कवींच्या रचना एकमेकींच्या शेजारी येत. मराठीतील आधुनिक कवींच्या पहिल्या पिढ्यांनी हा संग्रह आवडीने वाचला. त्यांनी त्यातून भावगीताचा आदर्श उचलला. शालेय संपादकांनी मात्र त्यातील शेजार उचलला नाही.

१९३०च्या दशकात आचार्य अत्रे यांच्या 'नवयुग वाचनमाले'सारख्या पुस्तकांनी समकालीन कविता शाळेत आणली आणि जुनी व नवी कविता एका बांधणीत आली. बांधणी एक झाली तरी दालने दोन राहिली. २०१८ साली लागू झालेल्या दहावीच्या 'कुमारभारती'त नामदेव आणि एकनाथ 'संतवाणी' या शीर्षकाखाली येतात; नारायण सुर्वे यांची कविता स्वतःच्या नावाने येते. सुर्वे यांच्या पहिल्या संग्रहाचे नाव 'ऐसा गा मी ब्रह्म' (१९६२) आहे. म्हणजे कामगार कवीने आपली ओळख सांगायला संतांचीच शब्दकळा घेतली. परंतु दालनांची भिंत मध्ये असल्याने हा दुवा वर्गात सहसा चर्चेला येत नाही. नव्या कृतिपत्रिकेने दोन कविता शेजारी ठेवल्या, पण कशासाठी? कवी, विषय, भाव, मध्यवर्ती कल्पना, आवडण्याची कारणे अशा मुद्द्यांच्या आधारे 'कोणत्याही एका' कवितेविषयी लिहिण्यासाठी. तुलनेच्या उंबरठ्यापर्यंत विद्यार्थ्याला आणायचे आणि तेथून परत फिरवायचे, असा हा प्रकार आहे.

यातून वाचनाच्या दोन सवयी रुजल्या. जुन्या कवितेत बोध शोधायचा, नव्या कवितेत अनुभव. ही विभागणी किती तकलादू आहे हे पाहण्यासाठी जात्याचे उदाहरण पुरेसे आहे.

नामदेवांच्या घरची दासी जनाबाई दळताना विठ्ठलाला हाक मारते आणि तो येऊन दळू लागतो. वर्गात याचा अर्थ 'भक्तीचा महिमा' एवढ्यावर आटोपतो. पण दळणे हे पहाटेचे, एकटीचे, दुसऱ्याच्या घरासाठी केलेले काम आहे. खुंट्याला दुसरा हात लागावा ही त्या कामातूनच निघालेली मागणी आहे. श्रम बाजूला काढले तर इथे देवाला यायला कारणच उरत नाही. बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) जात्याला 'घरोट' म्हणतात. त्यांच्या कवितेत जात्यापाशी कोणी अलौकिक सोबती येत नाही. त्या जात्याशीच बोलतात आणि ज्यातून पीठ 'येते' त्याचे नाव 'जाते' कसे, म्हणून भाषेलाच अडवतात. एकीला सोबत हवी आहे, दुसरीला शब्दाचा जाब. विषय एक आहे असे म्हणून थांबले तर नेमके हेच हातचे निसटते.

शिवाय बहिणाबाईंना 'अर्वाचीन' तरी कोणत्या अर्थाने म्हणावे? त्यांची गाणी १९५२ साली अत्रे यांच्या प्रस्तावनेसह पुस्तकरूपाने आली, म्हणून कालानुक्रमात त्या मर्ढेकरांच्या 'काही कविता'नंतर (१९४७) बसतात. पण त्या निरक्षर होत्या. त्यांच्या गळ्यात होती ती बायकांची जात्यावरची ओवी. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हॅं यांच्या पुढाकाराने संकलित झालेल्या एक लाखाहून अधिक ओव्या पाहिल्या, की जनाबाई आणि बहिणाबाई या दोघींच्या मागे उभी असलेली ही अनाम परंपरा दिसू लागते. तिला जुनी म्हणावे की नवी, याचे उत्तर 'नवनीत'पासून चालत आलेल्या मांडणीत नाही.

दिल्लीसारख्या ठिकाणी हा प्रश्न आणखी एका बाजूने उभा राहतो. घरी मराठी बोलणारे येथील मूल शाळेत बहुधा हिंदी कविता शिकते. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेने २००६ आणि २००७ साली आणलेल्या नववी-दहावीच्या 'क्षितिज' या हिंदी पाठ्यपुस्तकांतही काव्यविभाग कालक्रमानेच चालला होता : नववीत आरंभी कबीर, शेवटाकडे राजेश जोशी, दहावीत आरंभी सूरदास. भिंत येथेही होती, फक्त भाषा वेगळी. मात्र या मुलाकडे एक अधिकचे साधन असते. कबीराच्या प्रसिद्ध दोह्यातही जातेच आहे. कबीर ते बाहेर उभा राहून पाहतो. दोन तळ्यांमध्ये सापडलेल्या दाण्याची गत पाहून त्याला रडू येते. तिथे जाते म्हणजे काळ, आणि दळणारा हात कोणाचा हे दिसतच नाही. जनाबाई आणि बहिणाबाई यांना दाण्याच्या नशिबाची चिंता नाही. त्यांचा हात खुंट्यावर आहे, आणि दाणा भरडला गेलाच पाहिजे, कारण भाकरी करायची आहे. एकाच वस्तूतून निघालेल्या या दोन प्रतिमांमधला फरक जुन्या-नव्याचा नाही. जनाबाई कबीराच्या आधीची आहे आणि बहिणाबाई कित्येक शतकांनंतरची, तरी या दोघी एका बाजूला आणि कबीर दुसऱ्या बाजूला पडतो.

अशा वाचनात एक व्यावहारिक अडचण आहे आणि ती टाळता येण्यासारखी नाही : आजच्या महानगरी वर्गातील बहुतेक मुलांनी जाते फिरताना पाहिलेले नसते. 'संतवाणी'च्या टीपेत 'जाते : दळण्याचे साधन' एवढे लिहून हे काम भागत नाही. तळी, खुंटा, वैरण घालणारा हात, पहाटेची वेळ, घरघरीच्या लयीत बसणारी ओवी हे सारे आधी सांगावे लागते. तिन्ही कविता त्यानंतर फळ्यावर लिहायच्या.